साक्षीदाराचा पत्ता

एल्क फोर्डच्या टाउन क्लार्कचं ऑफिस म्हणजे आर्डिस टॉलेफसनच्या स्वयंपाकघरातलं टेबल. सव्वीस वर्षं त्याच टेबलावर कुत्र्यांचे परवाने निघाले, मतदारयाद्या दुरुस्त झाल्या, आणि प्रत्येक निवडणुकीत घरून मत देणाऱ्यांची पाकिटं तिथंच जमा झाली. बाजूला ओव्हनमध्ये काहीतरी शिजत असायचं आणि आर्डिस चष्मा नाकावर ओढून एकेक पाकीट तपासायची.

नियमाच्या बाबतीत ती खडूस होती आणि त्याचा तिला अभिमान होता. विस्कॉन्सिन राज्यात घरून मत देणाऱ्यानं पाकिटावर सही करायची, शेजारी साक्षीदारानं सही करायची आणि साक्षीदारानं आपला पूर्ण पत्ता लिहायचा. पत्ता नसेल तर मत बाद. गेल्या एप्रिलच्या निवडणुकीत तिनं इरीन सोबचाकचं पाकीट परत पाठवलं, कारण साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या इरीनच्या बहिणीनं पत्त्याच्या जागी नुसतं 'तळ्याच्या पलीकडे' लिहिलं होतं. इरीनचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती अंथरुणात. दुरुस्त पाकीट वेळेत पोचलं नाही.

"तळ्याच्या पलीकडे कोण राहतं हे तुला माहीत नाही होय गं?" इरीननं फोनवर विचारलं होतं.

"मला माहीत आहे. कायद्याला माहीत नाही," असं म्हणून आर्डिसनं फोन ठेवला होता.

तर अशी ही बाई. तिचा नवरा डेल ऑक्टोबरात घरीच मरणाची वाट बघत पडला होता. चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली, फुप्फुसांची चाळण झाली. पुढच्या खोलीत दवाखान्याचा पलंग आणून टाकलेला, नर्स दिवसातून दोनदा येऊन मॉर्फीन देऊन जायची. आणि त्याच महिन्यात त्याचा पुतण्या कर्ट विधानसभेला उभा होता.

कर्ट अकरा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. तेव्हापासून त्याचं निम्मं जेवण आर्डिसच्याच टेबलावर झालं. डेलनं त्याला ट्रक चालवायला शिकवलं, हरणाच्या शिकारीला नेलं, कॉलेजला जाताना स्वतःचा कोट दिला. पोरगा मोठा झाला, विमे विकू लागला, आणि ज्या पक्षाला डेलनं युनियनच्या सभांमध्ये जन्मभर शिव्या घातल्या नेमका त्याच पक्षात गेला. त्यावरून दर थँक्सगिव्हिंगला दोघांचं वाजायचं. टर्की गार व्हायची आणि आर्डिस मध्ये पडायची.

त्या सकाळी डेलनं नर्सला मॉर्फीन देऊ दिलं नाही. "डोकं जागेवर असताना मत द्यायचंय," म्हणाला. आर्डिसनं त्याच्या छातीवर पुठ्ठा धरला आणि नियमाप्रमाणे मान खिडकीकडे वळवली. पेन कागदावर खूप वेळ खरडत होतं. मग डेलच म्हणाला, "बघ गं, गोल नीट भरलाय का."

तिनं बघितलं. गोल कर्टच्या नावापुढचा होता, वेडावाकडा पण पुरता काळा.

"गिरणीतले लोक थडग्यातून उठून मला बडवतील," डेल म्हणाला. हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाला, "पोरगं आपलं आहे. दुसरं कोण आहे आपल्याला? पण त्याला तू सांगू नकोस. निकाल लागला की मी सांगणार. त्याचं थोबाड बघायचंय मला."

"नाही सांगत."

"आणि हे मत वाया जाऊ देऊ नकोस. मी गोळी न घेता दिलंय."

"नाही जाऊ देणार," आर्डिस म्हणाली. त्यानं स्वतःच्या हातानं कागदाची घडी घालून पाकिटात सरकवली, सही केली. तिनं साक्षीदार म्हणून खाली सही केली, स्वयंपाकघरात जाऊन क्लार्क म्हणून पाकिटावर जमा झाल्याचा शिक्का मारून सही केली, परत येऊन त्याला सांगितलं, "पोचलं तुझं मत." मग त्याच्या हातापायांना कंप सुटला म्हणून ती नर्सला फोन करायला धावली.

साक्षीदाराच्या पत्त्याची ओळ कोरी राहिली. स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या नवऱ्याच्या पाकिटावर, स्वतःच्या घराचा पत्ता लिहायचं तिला सुचलंच नाही. आणि नंतर तपासताना बाकीची साठ पाकिटं तिनं डोळ्यांत तेल घालून तपासली. ते एक तपासलं नाही, कारण ते डेलचं होतं.

निवडणुकीच्या दिवशी डेल जिवंत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, "आला का?" कर्ट नऊ मतांनी मागे होता आणि फेरमोजणी मागणार होता. आर्डिस म्हणाली, "मोजतायत अजून." शनिवारी डेल गेला, मोजतायत हेच मनात धरून. कर्टनं शवपेटीला खांदा दिला. दफनानंतर चर्चच्या तळघरात लोक हॅमचे सँडविच खात उभे होते, तेव्हा तो कोपऱ्यात फोनवर वकिलाशी बोलत होता. आर्डिसनं ते बघितलं आणि निवडणुकीचे दिवस आहेत, चालायचंच, अशी स्वतःची समजूत घातली.

फेरमोजणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टातल्या मोठ्या दालनात पाच दिवस चालली. हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू झालेला, त्यामुळे बाकांवर बसलेले निम्मे लोक शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांत. टेबलाच्या एका बाजूला कर्ट आणि त्याचा राजधानीहून, मॅडिसनहून आलेला वकील ब्रॅडशॉ, दुसऱ्या बाजूला त्याच्या विरोधातली उमेदवार मिरियम शुल्टे आणि तिचा वकील. शुल्टेबाई शाळांच्या अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, दिवसभर विणकाम करत बसायच्या आणि मान वर करायच्या नाहीत. मध्ये काउंटीचं तीन माणसांचं मंडळ, त्याचा प्रमुख लिओ पिएटक. प्रत्येक गावाचा क्लार्क आपल्या गावाची पेटी घेऊन यायचा, मोजून झालं की जायचा.

एल्क फोर्डचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. सकाळी पाकिटं तपासताना ब्रॅडशॉनं एका पाकिटावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि "याचं नंतर बघू," म्हणाला. ते पाकीट कुणाचं हे आर्डिसला लांबूनच कळलं. दुपारी दोनला गावाची मोजणी संपली आणि लिओनं बेरीज वाचली. शुल्टे चौदा हजार दोनशे सहा. टॉलेफसन चौदा हजार दोनशे सहा.

दालनात एकदम बोलाचाली सुरू झाली. बरोबरी झाली तर कायद्यानं चिठ्ठी टाकायची असते. ब्रॅडशॉ मात्र उभा राहिला आणि दहा मिनिटांची सुटी मागितली.

आर्डिस बाहेर गेली तर पाणी प्यायच्या नळापाशी तो कर्टला समजावत होता. तिला बघूनही त्यानं आवाज खाली आणला नाही. "चिठ्ठी टाकली तर निम्मी-निम्मी शक्यता. हे पाकीट बाद केलं तर एल्क फोर्डच्या घरून आलेल्या मतांतून एक कागद न बघता काढून टाकावा लागतो, कारण कोणतं मत कुठल्या पाकिटातलं ते आता कुणालाच कळणार नाही. एकसष्ट कागद आहेत. चव्वेचाळीस त्या बाईचे, सतरा आपले. चारांत जवळजवळ तीन वेळा तिचाच निघेल. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

वकील आत गेला. आर्डिस कर्टसमोर उभी राहिली.

"कर्ट, ते डेलचं पाकीट आहे."

"माहितीय काकू."

"मग?"

"मग काय? तुम्हीच लोकांची पाकिटं परत पाठवता ना? नियम आहे." तो तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. "आणि काकांचं मत कुणाला गेलं असेल ते काय मला ठाऊक नाही? मरेपर्यंत युनियनचं कार्ड खिशात होतं त्यांच्या. नाहीतरी ते माझ्या विरोधातलंच."

आर्डिसच्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानं कर्टनं हट्ट सोडला असता तर तो स्वतःच्या मतासाठी सोडला असता, डेलसाठी नाही. तिला हवं होतं की त्यानं डेलसाठी सोडावा. नुसतं एवढंच, की ज्या माणसाला परवा खांदा दिला त्याचं शेवटचं मत उकिरड्यावर टाकू नये.

"शेवटची सही आहे रे त्याची," ती म्हणाली.

"काकू, मी तिसऱ्यांदा उभा आहे. चौथ्यांदा मला कुणी तिकीट देणार नाही. तुम्ही आत या आणि विचारतील तेवढंच सांगा, लांबवू नका." त्यानं तिच्या दंडावर थोपटलं, विमा घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला थोपटावं तसं.

आत ब्रॅडशॉनं तिला शपथ घ्यायला लावली.

"मिसेस टॉलेफसन, ही साक्षीदाराची सही तुमची?"

"हो."

"पाकीट जमा करून घेणाऱ्या क्लार्कची सही?"

"तीही माझीच."

"आणि या दोन सह्यांच्या मधली पत्त्याची ओळ कोरी. बरं. तुमचे यजमान मॉर्फीनवर होते?"

"त्या सकाळी घेतलं नव्हतं. मत द्यायचं म्हणून."

"म्हणजे वेदना होत असणार."

"होत होत्या."

"वेदनेनं तळमळणारा माणूस, हात थरथरतोय, घरात तिसरं कुणी नाही, बायकोच साक्षीदार, बायकोच क्लार्क. गोल त्यांनीच भरला ना बाई? की तुम्ही हात धरला?"

शुल्टेबाईंच्या वकिलानं हरकत घेतली. लिओ म्हणाला, "असले प्रश्न नकोत." पण प्रश्न सगळ्या दालनानं ऐकला होता. आर्डिसनं कर्टकडे बघितलं. हा पोरगा तिच्या घरी वाढला होता, तिनं कधी कुणाच्या कागदाला बोट लावलं नाही हे त्याला ठाऊक होतं. तो फोनमध्ये काहीतरी वाचत होता.

"मी पुठ्ठा धरला होता," ती म्हणाली. "हात त्याचाच होता."

शुल्टेबाईंच्या वकिलानं पुष्कळ सांगून बघितलं. नवरा-बायको एकाच घरात राहतात, पत्ता वरच छापलेला आहे, क्लार्क कुठं राहते हे अख्ख्या गावाला माहीत आहे. लिओनं डोकं खाजवलं आणि शेवटी आर्डिसलाच विचारलं, "तूच सांग आर्डिस. असं पाकीट दुसऱ्या कुणाचं असतं तर तू काय केलं असतंस?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "परत पाठवलं असतं," ती म्हणाली.

मागच्या बाकावरून इरीन सोबचाकचा आवाज आला, "लिही की गं, तळ्याच्या पलीकडे." नारिंगी जाकिटं खदखदून हसली. लिओनं टेबलावर हात आपटला, पण त्यालाही हसू आवरलं नव्हतं. सव्वीस वर्षांत गावानं तिच्याविषयी जे जे मनात साठवून ठेवलं होतं ते त्या हसण्यात होतं, आणि डेलला जाऊन अजून दोन आठवडे झाले नव्हते.

मंडळाच्या तिघांनी हात वर केले. डेलमार टॉलेफसन यांचं मत बाद.

एकसष्ट कागद एका खोल पेटीत टाकले, लिओनं कोपरापर्यंत हात घालून ते कालवले. आता एक काढायचा. या काउंटीची जुनी पद्धत अशी की कागद त्या गावच्या क्लार्कनंच काढायचा, म्हणजे नंतर काउंटीच्या लोकांच्या नावानं कुणी बोंब मारायला नको. शुल्टेबाईंचा वकील कुरकुरला, ही तर उमेदवाराची चुलती. तेव्हा कर्ट पहिल्यांदा उभा राहिला. सगळ्यांकडे बघून, जरा घसा साफ करून म्हणाला, "काकूंनाच काढू द्या. पद्धत आहे. माझा काकूंवर पूर्ण विश्वास आहे."

लोकांना ते आवडलं. एकदोघांनी मानाही डोलावल्या. शुल्टेबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि "चालेल," म्हणाल्या.

पेटी उंच टेबलावर ठेवली होती. आर्डिसनं मान खिडकीकडे वळवली आणि हात आत घातला.

घरून आलेल्या मतपत्रिकेला दोन आडव्या घड्या असतात, छापखान्यातूनच पडून आलेल्या. लोक त्याच घड्यांवर कागद मिटतात. तिची बोटं त्या घड्यांवरून फिरत गेली. एक, आणखी एक, सगळे सारखे. मग एका कागदावर तिच्या अंगठ्याला उभी घडी लागली. कागदाच्या बरोबर मधून, नखानं दाबून दाबून चेपलेली, धारेसारखी. चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढलेला माणूस कुठलाही कागद असाच दुमडायचा, विजेचं बिल असो की चर्चचं पत्रक. वाढदिवसाची कार्डंसुद्धा त्यानं तिला अशीच दिली होती.

आर्डिसचा हात थांबला.

सोडून द्यावा, दुसरा कुठलाही घ्यावा, डेलचं मत पेटीत राहील. पेटीत राहिलं की मोजलं जाईल. तिनं शब्द दिला होता. खालच्या साठांतला कुठलाही एक उचलला की बहुतेक कर्ट जिंकणार आणि डेलचा वेडावाकडा काळा गोल त्या जिंकण्यात असणार. डेलला हेच हवं होतं.

पण बाद कुणाचं करायचं ठरलं होतं? डेलचं. तिघांनी हात वर केले होते. मग ज्यानं पत्ता लिहिला, ज्याच्या साक्षीदारानं सगळं नीट भरलं, अशा कुणाचं मत का जावं? क्लार्क म्हणून तिनं एवढा विचार केला, आणि तो खोटा नव्हता. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते तिला स्पष्ट दिसत होतं. 'गोल त्यांनीच भरला ना बाई' हे विचारलं जाताना फोनमध्ये बघत बसलेलं ते तोंड तिला पडलेलं बघायचं होतं. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तिनं तो कागद चिमटीत धरला आणि वर काढला.

लिओनं घडी उलगडली, बाजूच्या दोघांना दाखवली. "टॉलेफसन," तो म्हणाला. मग त्यानं पुढचंही वाचलं. शुल्टे चौदा हजार दोनशे सहा, टॉलेफसन चौदा हजार दोनशे पाच.

ब्रॅडशॉनं बॅग भरायला घेतली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, इरीन सोबचाक काठी टेकत उठली आणि जाता जाता कर्टला म्हणाली, "चुलतीचा हात चांगला आहे हो तुमच्या." कर्ट खुर्चीत बसून राहिला. तोंड पडलेलं होतं. आर्डिसनं ते नीट बघून घेतलं. वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

बाहेर गाड्यांच्या जागेत बारीक बर्फ पडत होतं. ती काचेवरचं बर्फ खरवडत होती तेवढ्यात कर्ट आला. कोट न घालताच आला होता.

"नशीबच फुटकं," तो म्हणाला. "सतरांतलं एक. सतरांतलं, काकू. आणि काकांचं ते मत बसलंय तिकडे, तिच्या ढिगात, आरामात. तेवढं एक निघालं असतं तर मी उद्या मॅडिसनला गेलो असतो. काकांनी मेल्यावरही मला पाडलं बघा."

आर्डिसनं खरवडणी खाली ठेवली.

"काय म्हणालास?"

"खरं तेच म्हणालो."

"त्यानं मत तुला दिलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मॉर्फीन न घेता. निकालानंतर तुला स्वतः सांगणार होता, तुझं थोबाड बघायचं म्हणून. चार दिवस तुझ्या निकालाची वाट बघत पडून होता."

कर्टच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बर्फ त्याच्या केसांत साचत होतं.

"मला का नाही सांगितलंत? तिथं, नळापाशी?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

हिशेब तर तोच राहिला असता, चारांत तीन, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"निदान ते मोजलं तरी गेलं," तो अखेर म्हणाला. डोळे पुसले. "जे उरले त्यात ते आहे. हरलो तरी काकांचं मत आहे माझ्यापाशी."

इथं ती गप्प बसू शकली असती. घरी जाऊन दिवा लावून बसली असती आणि पोरानं जन्मभर तेवढं एक उराशी धरलं असतं.

"नाही," आर्डिस म्हणाली. "मी काढलं ते त्याचंच होतं. हाताला कळलं मला. त्याची घडी होती."

कर्टनं वळून कोर्टाच्या दाराकडे बघितलं.

"लिओ अजून आतच आहे. जा, सांग त्याला. मला तुरुंगात टाकतील, तुझी फेरमोजणी परत होईल. फक्त सांगताना हेही सांग की बाद करून घेतलंस ते मत तुझंच होतं."

"काकांना मी निवडून यायला हवा होतो," तो म्हणाला. आवाज अकरा वर्षांच्या मुलाचा झाला होता.

"हो. त्याला हवा होतास."

ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. डेलनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती तिनं स्वतःच्या हातानं उचलून बाहेर काढली होती, आणि हे आता कुणापाशी बोलायचीही सोय नव्हती. मागच्या आरशात कर्ट दिसत होता. तो गाडीच्या बरोबर मागेच उभा होता आणि त्याला बाजूला व्हायचं भान नव्हतं. आर्डिसनं थोडा वेळ वाट बघितली आणि मग हॉर्न वाजवला.